टाचण्या तोंडात असताना

आमच्या गल्लीतले शिंपीकाका कपडे झकास शिवतात, फक्त देत नाहीत. "परवा या" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. माझी एक पँट मापाला गेली तेव्हा मला पोट नव्हतं. हाती आली ती आमच्या थोरल्याला बसली. पण भांडायचं कुणाशी? काकांच्या ओठांत सदैव टाचण्या. काहीही विचारा, "म्म्हं."

मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात त्यांचा कुत्रा झोपायचा. तांबूस, एक कान दुमडलेला, नाव सरदार. मशीनचं पायडल दाबण्याआधी काका पायाच्या अंगठ्याने चाचपून बघत, शेपूट मध्ये नाही ना.

काका ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा दार उघडं राहिलं आणि सरदार गेला. जनावरांच्या निवाऱ्यातल्या लोकांनी त्याला उचललं, मालकाची वाट पाहिली आणि मुदत संपल्यावर एका नर्सबाईंना देऊन टाकला. पोटाचे टाके सांभाळत काका गल्लोगल्ली फिरले. पत्ता लागला तोवर सरदारचा बंडू झाला होता.

निवाऱ्याच्या मॅडमनी दोन्ही पक्षांना बोलावलं. काकांच्या बाजूने काकू आणि मी.

"महिनाभर हा माझ्याकडे धड जेवला नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आता कुठे रुळलाय, तर परत द्या म्हणता!"

"अहो बाई, पण माझा आहे तो!"

"दोघंही लांब उभे राहून हाक मारा," मॅडम म्हणाल्या. "तो जाईल त्याचा."

काका कडक इस्त्री करून, वर अत्तर फासून आले होते. घसा खाकरून खणखणीत ओरडले, "सरदार! ये रे राजा!" कुत्रा दोन पावलं मागे सरला. नर्सबाई नुसत्या "बंडू" म्हणाल्या आणि तो त्यांच्या पायाशी जाऊन बसला.

परतताना बसमध्ये काकू कडाडल्या, "सरदार म्हणून जन्मात कधी हाक मारलीत? तुम्ही 'म्म्हं' करायचात, मी 'मेल्या' म्हणायचे!"

"मग तिथे का नाही बोललीस?"

"मॅडमसमोर मेल्या म्हणू?"

त्यानंतर काकांनी मशीनखालच्या चिंध्या काही काढल्या नाहीत. अंगठा अजून आधी चाचपायचा, मगच पायडल हलायचं.

एका दुपारी मी माझ्या शर्टाची चौकशी करत बसलो होतो, तेवढ्यात नर्सबाई आल्या. सोबत बंडू.

"युनिफॉर्म आखूड करायचाय, काका. म्हटलं, यालाही तुम्हाला भेटवावं."

त्यांनी युनिफॉर्म अंगातल्या कपड्यांवरूनच चढवला. काका गुडघ्यावर बसले, टाचण्या ओठांत धरल्या आणि सरळ उभ्या राहा या अर्थी म्हणाले, "म्म्हं."

बंडूने हिसडा दिला. पट्टा सुटला. तो काकांच्या खांद्यावर चढला, कान चाटला आणि थेट मशीनखाली चिंध्यांत जाऊन वेटोळं करून पडला.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या दिवशी..."

काकांनी दुमड पूर्ण टाचली. मग उरलेल्या टाचण्या तळहातावर काढून विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?"

"हा असतो."

काकांनी वाकून मशीनखाली बघितलं.

"मग न्या त्याला," ते म्हणाले.

"आणि युनिफॉर्म? कधी मिळेल?"

काम दहा मिनिटांचं होतं.

"परवा या. ट्रायल घ्यावी लागेल. याला घेऊन या."

माझ्या अनुभवावरून सांगतो, तो युनिफॉर्म काही वर्षं तयार व्हायचा नाही.

उंबऱ्यावर बंडू थांबला. मागे वळून काकांकडे बघू लागला. ती दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत काकांनी टाचण्या मुठीतच ठेवल्या. तोंडातून आवाज काढला नाही.