हाराखालचं यंत्र

परभणीतल्या आमच्या कॉलेजानं माती तपासायचं नवं यंत्र मागितलं, तेव्हा तज्ज्ञांची समिती पाहणीला आली. प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून मी ऐटीत जुनं यंत्र दाखवलं. त्यावर खंडेनवमीचा झेंडूचा हार तसाच होता. समितीतले एक म्हातारे सर, बोलीवरून आमच्याच भागातले, चष्मा कपाळावर सारून वाकले आणि त्यांनी हाराखालच्या प्लास्टिकवर टिचकी मारली.

“पूजा झकास करता, सर. पण हे उघडलं कवा?”

“बिघडेल म्हणून जपलंय.”

“मंग नवं कशाला मागायलात? दुसरा हार घालायला?”

प्रस्ताव अर्थातच बारगळला. मी रागानंच ते प्लास्टिक फाडलं. आता पार पाथरीहून शेतकरी मातीच्या पिशव्या घेऊन येतात.

पुढच्या समितीत ते सर नव्हते. तरी दाराशी गाडी थांबली, की यंत्रावरचे मातीचे डाग मी पुसायचे राहू देतो. त्यांनी ते एकदा बघावेत.