रिसीव्हरवरची मोहरी

"अहो, हा आपला नाही," आतल्या खोलीत काकू म्हणाल्या. "बदलून आणलाय तिने."

मी बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या टोकावर बसले होते. हातात पाण्याचा पेला होता आणि तो समोरच्या टीपॉयवर ठेवावा की हातातच धरावा, हे मला कळेना. समोर, स्वयंपाकघराच्या दारालगतच्या फळीवर, तो रिसीव्हर होता. अर्ध्या तासापूर्वी मी तो रिक्षात शेजारी ठेवून, प्रत्येक गतिरोधकावर त्याच्यावर हात टाकून खडकीपर्यंत आणला होता. डायलमागे हिरवट उजेड होता. दोन्ही स्पीकर चालू होते आणि रेडिओवर कुणीतरी मार्केट यार्डातले भाजीचे भाव वाचत होतं.

"अगं, तोच आहे," काका म्हणाले. "मला काय डोळे नाहीत?"

त्यावर काकू काही बोलल्या नाहीत.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, बरोबर ऐकलं, पण त्या दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असतील. पण त्या घरात त्या दिवशी मी आणलेली वस्तू एकच होती.

रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. स्पीकर वेगळे जोडायचे. माझ्या वयाच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. काकांच्या वयाचे लोक त्याला नुसतं स्टिरिओ म्हणतात. माझ्याकडे असे चार आहेत, सगळे माझ्या जन्माच्या आधीचे. तीन चालतात, एक चालेल असं मी दोन वर्षं म्हणतेय. हा छंद मला कसा लागला हे कुणी विचारलं तर मी काहीतरी सांगते, आवाजाच्या दर्जाबद्दल वगैरे. खरं असं आहे की बिघडलेलं यंत्र तुमच्याकडे बघून तुम्ही काही बोलाल म्हणून थांबत नाही. ऑफिसात, खराडीला, मी दिवसभर हेडफोन लावून बसते आणि बहुतेक वेळा त्यात काहीही चालू नसतं.

काका मला जुन्या बाजारात भेटले. एका रविवारी सकाळी मी जमिनीवर मांडलेल्या एका मेलेल्या रिसीव्हरपाशी उकिडवी बसून त्याच्या जाळीतून आत बघत होते. मागून आवाज आला, "आत झुरळं असणार. बाहेरून बरा दिसतो म्हणून फसू नका."

मी मान हलवली.

"दुरुस्त करता का तुम्ही?"

मी पुन्हा मान हलवली.

"बोलता येतं ना?"

"हो," मी म्हणाले.

"इंग्रजी शाळेतल्या का?"

"हो."

"तरीच. निदान 'हो' मराठीत आहे, तेवढं पुरे."

त्यांच्याकडे एक स्टिरिओ होता. मेहुण्याने मस्कतहून आणलेला. उजवा स्पीकर वर्षभर मौनात होता आणि आवाज वाढवायला गेलं की खरखर व्हायची. दोन दुकानांत दाखवला, दोघांनी सांगितलं, फेकून द्या आणि नवीन घ्या. "नवीन घ्यायला अक्कल लागत नाही," काका म्हणाले. "जुनं दुरुस्त करायला लागते."

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलगा परदेशात. काकूंनी चहा आणला. त्या बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्याच्या थोडं वर, भिंतीकडे बघून बोलत होत्या. मला हे फार बरं वाटलं. अनोळखी घरात कुणी चेहऱ्याकडे टक लावून बघितलं की मला जीभ सापडत नाही. मी मनात म्हटलं, या माझ्यासारख्याच आहेत, यांनाही नजरेला नजर द्यायला नको वाटतं. चहाचा कप ठेवण्याआधी त्यांनी टीपॉयची कड बोटाने चाचपली होती. ते मी पाहिलं होतं. पाहणं आणि विचारणं यांत माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

"लवकर द्याल ना?" काकूंनी विचारलं होतं. "दुपारी हे वाचनालयात जातात. मी एकटीच असते. माझा मी लावते, माझा मी बंद करते. कुणाला हाक मारावी लागत नाही."

"भाऊरायाची भेट आहे," काका म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त जपते त्याला. परत हाच येईल ना? का डबा हा आणि आतून निघणार भलतंच?"

मी हसले. पुण्यात लोक असं बोलतात आणि त्यावर हसायचं असतं, एवढं मला कळतं. पण माझे कान गरम झाले. कारण तो सेट मला हवा होता. पुढची पट्टी रुपेरी ॲल्युमिनियमची, बटणं भरीव, कुठे एक पोचा नाही. मी दोन वर्षं नेमका तो नमुना शोधत होते. त्याला उचलताना माझ्या मनात आलं होतं की दुरुस्त झालाच नाही, तर हे लोक म्हणतील, राहू दे तुझ्याकडेच.

तो दुरुस्त झाला. दोन महिने लागले. मी जुना सेट सरळ भिंतीतल्या प्लगला लावत नाही. मध्ये एक शंभर वॅटचा बल्ब जोडते. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होत जातो. मी त्याच्याकडे हात जोडल्यासारखी बघत बसते, असं आई म्हणते. "देव्हारा दुसऱ्या खोलीत आहे," ती दारातून सांगून जाते.

बल्ब मंद झाला. मग मी बुधवार पेठेतून कॅपॅसिटर आणले, जुने सुकलेले एकेक काढून नवे टाकले. दुकानदाराने मराठीत आकडा सांगितला की मला तो आधी इंग्रजीत करून घ्यावा लागतो, म्हणून दोन चुकीचे आले, पुन्हा गेले. उजवा स्पीकर बोलायला लागला. खरखर गेली. खरखरीखाली एक बारीक गुणगुण होती, तीही गेली. मधून मधून काकांचे फोन यायचे. "तिला मोबाईलवर रेडिओ लावून देतो. तिला तो नको असतो. म्हणते, तुमच्या हाताने लावलेलं मी किती ऐकू." मी "हो, लवकरच" म्हणायचे.

शेवटी सफाई. वरचं लाकूड तेलाने पुसलं. बटणं काढून साबणाच्या पाण्यात टाकली. पुढच्या पट्टीवर पिवळट डिंकासारखं काहीतरी वाळलेलं होतं आणि त्यात मोहरीचे दाणे. एक-दोन बटणांवरही. स्वयंपाकघराच्या दारालगतची फळी, वर्षानुवर्षांची फोडणी. उडून चिकटली असणार. मला थोडं हसूही आलं. मस्कतहून आलेला सेट, आणि त्याच्या अंगावर आमटी. मी ते दाणे कापसावर स्पिरिट घेऊन मऊ केले आणि नखाने एकेक खरवडून काढले. आठ होते. पट्टीवर ओरखडा उठू नये म्हणून पूर्ण एक संध्याकाळ लागली, आणि मला ती माझी सगळ्यात चांगली सफाई वाटली.

आणि आता आतून "बदलून आणलाय" असं ऐकू येत होतं.

सेट लावल्यावर काका खूश झाले होते. "उजवीकडून आवाज! काय गं, ऐकलंस का?" काकू पुढे आल्या, फळीपाशी उभ्या राहिल्या, पट्टीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग काहीही न बोलता आत गेल्या आणि काका त्यांच्या मागे गेले. इतकंच घडलं होतं. त्यात मला पकडता येण्यासारखं काही सापडेना.

उजेड बदलला म्हणून असेल? डायलमागचा एक बल्ब मी नवा टाकला होता. पण रंग तोच ठेवला होता. तेलाचा वास? ती गुणगुण गेली म्हणून? माणसाला गुणगुणीची सवय होते, हे मी वाचलं होतं. की मी मनात जे आणलं होतं, राहू दे तुझ्याकडेच, ते माझ्या चेहऱ्यावर कुठेतरी दिसलं होतं, आणि ते काकूंनी बघितलं होतं? पण काकू तर माझ्याकडे कधी बघतच नव्हत्या. मला रागही आला, आणि राग आला म्हणून लाज वाटली. उठून आत जावं आणि सांगावं, असं वाटलं, पण काय सांगावं? मी चोर नाही, हे वाक्य कोणत्याही भाषेत म्हटलं की चोराचंच वाटतं.

मग मला फोटो आठवले. सेट उघडण्याआधी मी सगळ्या बाजूंनी फोटो काढते, आणि प्रत्येक तार सोडवण्याआधी एक. नाहीतर कोणती तार कुठे होती ते परत सापडत नाही. मागच्या बाजूच्या क्रमांकाचाही फोटो होता. तो दाखवला की झालं. बोलावंही लागणार नव्हतं, फक्त फोन पुढे करायचा. पेला टीपॉयवर ठेवला आणि मी फोन काढला.

मागचा फोटो शोधताना आधी पुढचा आला.

मी तो मोठा केला. चालू-बंदच्या बटणावर एक दाणा. आवाजाच्या गोल बटणावर, खुणेच्या रेषेवर, एक दाणा. आणि एएम, एफएम, टेप असं बदलायचं जे बटण असतं, त्याच्याभोवती पट्टीवर तीन जागी: एएमपाशी एक दाणा, एफएमपाशी दोन, टेपपाशी तीन. दाणे अगदी शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर.

फोडणी अशी मोजून उडत नाही.

मी फोटोकडे बघत राहिले. तरी मला लगेच काही कळलं असं नाही. कुणी मुद्दाम चिकटवलेत एवढं कळलं, पण कशासाठी? अक्षरं तर शेजारीच छापलेली होती, स्वच्छ, वाचता येतील अशी. मग काकू आतून बाहेर आल्या. त्या भिंतीला हात लावून आल्या. मी त्यांना तसं चालताना आधीही पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, वय झालंय. त्या फळीपाशी थांबल्या. त्यांची बोटं पट्टीच्या डाव्या टोकापासून निघाली, चालू-बंदच्या बटणावर थांबली, तिथे अंगठा दोनदा घासला, पुढे सरकली, मोठ्या बटणाच्या काठावरून फिरली, जिथे एक दाणा होता तिथे थांबली, जिथे दोन होते तिथे थांबली. त्यांची नजर त्या सगळ्या वेळात खिडकीकडे होती.

चहाचा कप, टीपॉयची कड. माझ्या खांद्यावरून भिंतीकडे. मला काय डोळे नाहीत, असं काका म्हणाले तेव्हा काकू गप्प झाल्या होत्या. हे सगळं माझ्याकडे आधीपासून होतं, मी फक्त ते एकत्र ठेवलं नव्हतं. त्यांना दिसत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या माझ्याकडे बघत नाहीत याने मला इतकं हायसं वाटलं होतं की मी तो प्रश्न स्वतःलाही विचारला नव्हता.

काकांच्या लक्षात का आलं नाही, याचाही मी तिथे बसून विचार करत होते. बहुतेक त्यांना त्या दाण्यांची कधी गरज पडली नव्हती, म्हणून ते गेल्याचं त्यांना दिसलंच नाही. ते दारात उभे होते आणि माझी नजर चुकवत होते.

"चहा घेणार ना?" त्यांनी विचारलं. "का आज घाई आहे?"

"करा तुम्ही," काकू म्हणाल्या. मग आवाज होता त्या दिशेने, म्हणजे रिसीव्हरकडेच तोंड करून, त्या माझ्याशी बोलल्या. अगदी नीट, आपण म्हणून. "सेट चांगला आहे हो. आवाज छान आहे. आपण ज्यांचा असेल त्यांना देऊन टाका. आणि आमचा तेवढा शोधून आणा. खराब असला तरी चालेल. माझी बोटं त्यावर बरोबर चालतात."

काका म्हणाले, "अगं, काय बोलतेस तू."

माझ्या हातात फोन होता, त्यात तो फोटो मोठा करून ठेवलेला. सवयीने मी तो पुढे केला. हात लांब करून, काकूंच्या दिशेने. आणि तो तसाच हवेत राहिला, कारण काकू त्याच्याकडे बघणार नव्हत्या. दोनेक क्षण मला खरोखर समजेना की आता काय दाखवायचं. काकांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

रेडिओवर भाव संपले होते आणि जाहिरात लागली होती. मी उठले. काकूंपासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले, म्हणजे आवाज कुठून येतोय ते त्यांना कळावं. मराठीत कसं म्हणायचं ते मी मनात एकदा जुळवून बघितलं, आणि ते विसरले.

"काकू," मी म्हणाले, "हा तुमचाच आहे. मोहरी मी काढली. मला वाटलं, फोडणीची उडालीय."