भन्तेंचं वाडगं

संघपाल भन्ते सोलापूरच्या स्टेशनावर उतरले ते ऐन एप्रिलात. भंडाऱ्याकडच्या माणसाला उन्हाचं काय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. त्यांनाही गाडीत तसंच वाटत होतं. पण ईश्वर तात्यांच्या स्कूटरवर मागं बसून नवी पेठेतून जाताना त्यांची मुंडण केलेली टाळू अशी काही भाजली, की दीक्षेनंतर पहिल्यांदाच केसांची आठवण आली.

ईश्वर तात्या म्हणजे कुंभारीच्या घरकुल वसाहतीतल्या विहार कमिटीचे अध्यक्ष. एस.टी.तून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. माणूस समोर बसलेला असला तरी पलीकडच्या डेपोत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. त्यांनी वाटेत भन्तेंसाठी चटई घेतली, माठ घेतला आणि स्पष्टच सांगून टाकलं, की आधीचे भन्ते महिन्याभरात निघून गेले, विहाराला वर्षभर कुलूप होतं, आता तुम्ही तरी टिका. तुम्हीही गेलात तर परत कुणाला बोलवायला आमच्याकडं तोंड नाही.

भन्तेंनी मान हलवली. वय सव्वीस. वडील तुमसरला राईस मिलमध्ये हमाल, स्वतः भन्तेंनी चार वर्षं मोबाईल दुरुस्तीच्या टपरीत काढलेली. मग मन कुठं लागेना, गुरुभन्तेंच्या मागं गेले, चीवर घेतलं, तीन वर्षं शिकले. धम्म सांगायला एकट्यानं कुठं जायची ही पहिलीच खेप. निघताना गुरुभन्ते म्हणाले होते, लगेच सांगायला सुरुवात करू नको, आधी राहून दाखव. ऐकायला सोपं वाटलं होतं.

पहिला दिवस काय, दिवाळीच. कमानीवर पताका, पोरांची घोषणा, ताटात शेंगापोळी, भरलं वांगं, खीर. संध्याकाळी भन्तेंनी पाठ करून आणलेलं प्रवचन दिलं. आपल्या भंडाऱ्याकडच्या बोलीत 'आपण दुःख करून राहिलो' म्हणाले तशी पुढची पोरं फिसकन हसली, मागच्या बायांनी पदर तोंडाला लावला. भन्तेही हसले. आपलं जमलं इथं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र भाकरतुकडा काही आला नाही.

आता कुणी म्हणेल, काय माणसं ही. तसं नव्हतं. घरकुलातल्या बहुतेक बाया बिड्या वळणाऱ्या. पहाटे चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या, आदल्या दिवशी वळलेल्या बिड्या टोपलीत भरून कारखान्यात द्यायच्या, तिथं रांग लावायची, नवी पानं-तंबाखू घेऊन परतायचं ते दुपार कलल्यावर. आणि भिक्खूला बाराच्या पुढं अन्नाचा कण चालत नाही. शिवाय प्रत्येक घराला खात्री, की भन्तेंचं जेवण दुसऱ्या घरी झालंय. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हे तर अख्ख्या घरकुलाचे पाहुणे.

त्यातल्या त्यात मनकर्णाबाई ताट घेऊन आली. ही सत्तरीची म्हातारी म्हणजे घरकुलाची आईच. विहाराच्या पायाला डोक्यावरून दगड तिनं वाहिलेले, वर्गणीला घर न् घर तिनं पालथं घातलेलं. पण ती आली तेव्हा दीड वाजून गेला होता. भन्तेंनी हात जोडले. तिनं घड्याळाकडं बघितलं, कपाळावर हात मारला आणि नियम माहीत असूनही ध्यानातनं गेला म्हणून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. उद्या सकाळी कुणीतरी आणेल, म्हणून सांगून गेली. दुसऱ्या दिवशी तिला कारखान्यात लवकर जावं लागलं आणि ते 'कुणीतरी' काही उगवलं नाही.

तोंडानं मागायचं नाही, हा भिक्खूचा नियम. नियम खरा, पण तात्यांना नुसतं 'मी जेवलो नाही' म्हणायला काय हरकत होती? तिथं थोडी ऐटही होती. शिकून आलेला भिक्खू पोटाची तक्रार करतोय, असं दिसायला नको होतं. लिंबू-पाण्यावर राहिले बिचारे, आणि पोटात आग पडली तसं त्यांना आठवलं, की अरे, बुद्धानं वाट घालून दिलीच आहे की. पहाटे भिक्षापात्र घ्यायचं, अनवाणी निघायचं, दारापुढं गप्प उभं राहायचं. कुणी घातलं तर घ्यायचं, नाही तर पुढच्या दारी जायचं. गुरुभन्तेंच्या मागनं ते असे कितीदा फिरले होते.

चौथ्या दिवशी पहाटे भन्ते पात्र घेऊन गल्लीत आले. घराघरात चुली पेटलेल्या, भाकऱ्यांचा वास नाकात असा घुसला की भन्तेंची पावलं आपोआप भरभर पडायला लागली. पहिलं दार ईरम्माचं. ती कानडी बोलणारी लिंगायत बाई. दारात भिक्षेला जंगम आला असंच समजली आणि तिनं श्रद्धेनं मूठभर जोंधळे पात्रात टाकले. कच्चं धान्य भिक्खूला चालत नाही, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून भन्तेंना ते परत करवेना. पुढच्या दारातल्या माणसानं गडबडून बिस्किटचा पुडा दिला आणि दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्या घरात नवराबायको आतच कुजबुजत राहिले, बाहेर कुणी आलं नाही. काहीतरी बिघडतंय हे भन्तेंना कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

चौथं दार मनकर्णाबाईचं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती. दारात सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं, आणि भन्तेंच्या हातातलं वाडगं बघून तिचा चेहरा असा उतरला की भन्ते दोन पावलं मागं सरले.

"भन्ते, ते वाडगं घेऊन जावा हितनं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दारोदार भाकरी मागायचं आमी सोडलं. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून सोडलं, उपाशी राहून सोडलं. आन तुमी बुद्धाचं नाव घेऊन आमच्याच गल्लीत मागत हिंडताय?"

तिनं दार लावलं. आतनं भाकरी करपल्याचा वास आला.

दुपारपर्यंत गोष्ट सगळ्या घरकुलात झाली. तात्या धावत आले, आधी भन्तेंवर ओरडले, मग ते उपाशी होते हे कळल्यावर स्वतःवर ओरडले. त्यांनी आपल्या घरनं सकाळचा डबा चालू केला. पोटाचा प्रश्न मिटला म्हणायचा. पण संध्याकाळी वंदनेला विहारात तात्या आणि भन्ते, दोघंच. दुसऱ्या संध्याकाळीही दोघंच. बाया विहारावरनं जायच्या, खाली मान घालून 'जयभीम' करायच्या आणि पुढं निघून जायच्या.

"मनकर्णाबाई आली तर समद्या येत्याल," तात्या म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. "ती न्हाय आली तर भन्ते, मला तुमाला गाडीला बसवावं लागंल. माणसं न्हाईत त्या विहारात तुमी करणार काय?"

भन्तेंना रात्रभर वाईट वाटत राहिलं. राग नव्हता, वाईट वाटत होतं. आपली आजीही गावात अशीच हिंडली असणार, हे त्यांना कळत होतं. पण घरात कुणी ते बोललं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. सकाळी पात्र विहारातच ठेवून ते रिकाम्या हातानं मनकर्णाबाईकडं गेले.

ती अंगणात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. बसा म्हणाली, सतरंजी दिली, पाणी दिलं. रीत कशाला सोडेल ती. भन्तेंनी एवढंच विचारलं, की आजी, काय झालं होतं ते सांगाल का? तिनं पान कापलं, तंबाखू भरला, दोरा गुंडाळला. मग सांगायला लागली.

माळशिरसकडचं गाव तिचं. लहान असताना ती आईच्या पदराला धरून जायची. आई दारापासून लांब, उन्हात उभी राहायची आणि हाळी द्यायची. कधी लगेच कुणी यायचं, कधी दुपार व्हायची. शिळी भाकरी यायची, आणि हाताला हात लागू नये म्हणून वरनं टाकली जायची. आई पदर पसरून झेलायची. एकदा तिचा झेल चुकला, भाकरी धुळीत पडली, आणि आई ती उचलून फुंकर मारून पदरात बांधत असताना ओसरीवरचं कुणीतरी हसलं. मनकर्णाबाईला भाकरी आठवत नाही. ते हसणं आठवतं.

भन्तेंना वाटलं, आता आपण काही सांगावं. तीन वर्षांच्या शिकण्यात जे आलं ते त्यांनी काढलं. भगवान बुद्ध स्वतः बापाच्या नगरीत भिक्षापात्र घेऊन फिरले, शुद्धोदन राजाला लाज वाटली, तेव्हा बुद्धांनी सांगितलं की बुद्धांची वंशपरंपरा हीच. राजपुत्रानं केलं त्यात कमीपणा कसला?

मनकर्णाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"राजाचा ल्योक व्हता तो. मागायचं का न्हाय, हे त्याचं त्यानं ठरीवलं. माझ्या आयला कुणी इचारलं व्हतं?"

भन्तेंनी मान खाली घातली आणि चुकलं म्हणाले. या गल्लीत पुन्हा पात्र काढणार नाही म्हणाले. मनापासून म्हणाले. ती हूं म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

त्या संध्याकाळीही वंदनेला कुणी आलं नाही. तात्यांनी गुरुभन्तेंना फोन लावला. मग फोन ठेवला आणि सकाळच्या गाडीला बसवतो म्हणाले. भन्तेंनी जादा चीवराची घडी घातली, पात्र झोळीत घातलं. काही मोडलं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं, तरी पहिल्याच ठिकाणी आपण हरलो, हे त्यांना गिळता येईना.

सकाळी स्कूटर गल्लीतनं हळू चालली होती. मनकर्णाबाई दारात उभी. तिनं हात आडवा केला तसा तात्यांनी ब्रेक मारला.

"वाडगं कुटं हाय?" तिनं विचारलं.

भन्ते म्हणाले, झोळीत आहे.

"काडा."

भन्ते उतरले, पात्र काढलं आणि सवयीनं दारापुढं, गल्लीतच उभे राहिले.

"तितं न्हाय," ती म्हणाली. "भाईर उभं ऱ्हायाचं न्हाय. माझ्या दारात कुणी भाईर उभं ऱ्हाणार न्हाय. आत या, बसा."

भन्ते आत गेले. चुलीपुढं पाट मांडलेला होता, त्यावर बसले. तिनं तव्यावरची भाकरी उचलली, वाफ निघत होती. हात पात्राच्या वर आला आणि तिथंच थांबला. वरनं टाकलेली भाकरी तिला आठवली हे भन्तेंना कळलं, आणि झेलायला म्हणून त्यांनी पात्र वर उचललं नाही. गुडघ्यावर हात रेटत, कण्हत, मनकर्णाबाई खाली बसली. मग दोन्ही हातांनी तिनं भाकरी पात्रात ठेवली. तिची बोटं पात्राच्या तळाला टेकली. वर शेंगाचटणी ठेवली, तीही हातानंच.

"तुमी गेल्यापास्नं हेच डोस्क्यात," ती म्हणाली. "आमी लोकाच्या दारात लई उभं ऱ्हायलो. पर माझ्या आयच्या दारात कदी कुणी भाकरी मागाय आलं न्हाय. माझ्याबी न्हाय. कसं येणार? मागायचं म्हंजे मागणाऱ्याला आमच्या हातचं चालाय पायजे की, भन्ते."

बाहेर तात्यांनी स्कूटर बंद केली. समोरच्या दारात दोन बाया बिड्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन उभ्याच राहिल्या होत्या, कारखान्याला उशीर होत असूनही.

भन्तेंनी भाकरी मोडली. ती इतकी गरम होती की बोटं भाजली, पण त्यांनी हात काढला नाही. मनकर्णाबाईनं डोळ्याला पदर लावला नाही. तशीच रडत ती परातीत पीठ घेऊन दुसरी भाकरी थापायला बसली.