लोटननानांच्या सायकलची घंटी

अकरा वर्षांच्या नोकरीत लोटननानांनी एकाही दुकानदारावर खटला भरला नव्हता, आणि पोराला सरकारी नोकरी लागल्याचं सांगावं तशा तोऱ्यात ते हे सांगायचे. नाना आमच्या नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक. धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. तिथल्या बाजारातली शेव-जिलबी आधी माशांनी खायची की माणसांनी, हे बघायला सरकारने त्यांना नेमलं होतं. नियम साधा होता. खाण्याचा जिन्नस उघडा विकायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर समज, दुसऱ्यांदा नोटीस, तिसऱ्यांदा कोर्ट.

नानांना नियम तोंडपाठ होते, पण रीतभातही पाठ होती, आणि घोडं तिथेच पेंड खायचं. पाहुण्याने अंगणात खाकरावं, मग आत यावं, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. म्हणून बाजाराच्या कोपऱ्यावर ते सायकलची घंटी तीनदा वाजवत आणि मग उतरून सावकाश आत शिरत. तोवर निंबाच्या हॉटेलातल्या शेवेवर जाळी येई, अमीनच्या जिलबीवर फडकं पडे, शेवंताबाई भज्यांच्या परातीवर ताट उपडं घाले. नाना बघत, मान डोलवत, निंबाच्या बाकावर बसून चहा घेत आणि वहीत लिहीत, 'सर्व पदार्थ झाकलेले आढळले.' त्यात खोटं काहीच नव्हतं. आढळले तेव्हा ते झाकलेलेच होते.

एकोणनव्वदच्या आषाढात गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यातल्या बाराही खाटा भरल्या, मग व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. आरोग्य समितीची तातडीची सभा बोलावली गेली. तातडीची म्हणजे सूचना सात दिवसांऐवजी तीन दिवस आधी दिलेली. पहिला तास सभा नियमाला धरून आहे की नाही यावर गेला. दुसरा तास डुकरांवर गेला, कारण डुकरांबद्दल प्रत्येकाला मत होतं. विहिरींत पावडर टाकायचं कसंबसं ठरलं. शेवटी सभापती रतिलालशेठ नानांकडे वळले.

"बाजाराचं काय, नाना? अकरा वर्षांत एकही खटला नाही?"

"बाजार स्वच्छ आहे, शेठ. उद्या माझ्यासोबत चला आणि डोळ्यांनी बघा."

आता हे बोलायची काही गरज होती का? पण माणसाचा स्वतःच्या वहीवर विश्वास बसला की असंच होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समितीचे पाचही सभासद पायी निघाले. सभापती पायी चालत असताना आपण सायकल कशी न्यायची, म्हणून नानांनी ती नगरपालिकेतच ठेवली. मोठ्यांचा मान ठेवायचा, एवढंच त्या भल्या माणसाच्या डोक्यात होतं.

बाजारात शेवेचा रंग कळत नव्हता, इतक्या माशा. अमीनच्या पाकात एक गांधीलमाशी पाय हलवत होती. शेवंताबाई परातीवरचं ताट डोक्यावर धरून पाऊस चुकवत होती. जाळी निंबाकडेही होती. तिच्यावर त्याने बनियन वाळत घातलं होतं. नाना जागच्या जागी थिजले. त्यांना पाहून निंबाने कपाळावर हात मारला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "नाना, आज घंटी वाजाडाले भुली ग्यात का?"

"कसली घंटी?" रतिलालशेठांनी विचारलं.

निंबाने, विचारलं म्हणून, सांगून टाकलं. "अकरा वरीस झायात शेठ. नानानी तीनदा घंटी वाजाडी का बठ्ठा बजार झाकी टाकस!" यात नानांची अब्रू जाते आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तो बिचारा बाजाराची शिस्त सांगत होता.

नानांना समितीची लाज वाटली नाही. आपण ज्याला स्वच्छ बाजार म्हणत आलो, तो रोज जेमतेम पाव तास टिकत होता, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या सतरंज्या त्यांना आठवल्या. कोणी सांगायच्या आत त्यांनी वही काढली.

"निंबा, पहिली समज तुला. सही कर."

"नाना, रोज मनाच हाटेलना चहा पेतस ना तुम्ही?"

"म्हनीसनच पहिली तुले," नाना म्हणाले. एरवी ते कामाच्या वेळी घरची बोली बोलत नसत.

समितीने ठराव केला की तपासणीच्या वेळी निरीक्षकांनी घंटी वाजवू नये. पण सायकलला घंटी असणं कायद्याने सक्तीचं आहे, अशी एका सभासदाने हरकत घेतली आणि तीत दोन सभा गेल्या. नाना ठरावासाठी थांबले नाहीत. ते पायी फिरू लागले. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी मागच्या बोळातून. श्रावण अर्धा झाला तोवर तीन खटले कोर्टात गेले, त्यांतला एक निंबाचा. शेवेवरची जाळी आता हलत नव्हती. विहिरींत पावडरही पडली होती, आणि दवाखान्यातल्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या.

मात्र नाना दिसले की बाजारातली बोलणी बंद पडत. निंबा बाक पुसून द्यायचा, पण शेजारी बसायचा नाही. शेवंताबाई तर नजरच वर करत नसे. अकरा वर्षं रामराम घेत फिरलेल्या माणसाला हे फार लागलं. एका दुपारी घरी ताटावर बसून ते नुसतीच भाकरी कुस्करत राहिले. त्यांची बायको भागाबाई चुलीपासून उठून समोर येऊन बसली.

"काय व्हयनं?"

"कोनी रामराम करत नही."

"आते दवाखानामा कितल्या खाटा भरेल?"

"एक बी नही. बठ्ठ्या रिकाम्या."

"मंग तुमले काय पाहिजे? लोकेसना रामराम, का रिकाम्या खाटा?"

नानांनी भाकरी खाली ठेवली आणि बराच विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"दोन्ही," ते म्हणाले.