नारदाने जिलबी सोडली

नारद स्वर्गातून अर्ध्यावर आला आणि माझी तुळई कण्हायला लागली. लाकूड करकरतं हे ठाऊक होतं. कण्हताना मी ते पहिल्यांदा ऐकलं. पेटीवाल्याला वाटलं, नवा सूर लागला. त्याने त्या सुरात पेटी मिळवली. नारद मात्र 'नारायण, नारायण' विसरून 'मिस्त्री, मिस्त्री' असा जप करत खाली टेकला.

मिस्त्री म्हणजे मी. नाटक कंपनीत ट्रिकसीनचं काम माझ्याकडे. राक्षसाचं मुंडकं उडवणं, समुद्र दुभंगणं आणि देव वरून खाली आणणं. यातलं देव आणणं सगळ्यात सोपं. तराजू पाहिलाय ना? तसंच. तुळईला कप्पी, कप्पीवरून दोर. दोराच्या एका टोकाला पाट, पाटापुढे कापसाचा ढग, ढगात नारद. दुसऱ्या टोकाला विंगेत वाळूची पोती. त्या पोत्यांना आम्ही 'तोल' म्हणतो. नारद तोलापेक्षा अंमळ जड ठेवायचा, म्हणजे तो आपल्या वजनाने उतरतो. दोन गडी दोर नुसता आवरून धरतात.

आमचे नारद म्हणजे सदूबुवा. गळा असा, की त्यांनी तान घेतली की गिरणीचा भोंगा लाजून गप्प बसे. कंपनीचा मुक्काम सोलापुरात पडला तेव्हा बुवा वेळूच्या काठीसारखे होते. पण सोलापूरकरांचा आग्रह. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी बुवांना जेवायला बोलावणं. यजमान समोर पाट टाकून बसणार, 'माझ्यासाठी एक' म्हणून जिलबी वाढणार, मग बायकोसाठी एक, मग गेल्या वर्षी वारलेल्या आजोबांसाठी एक. नाही म्हटलं तर अपमान. बुवा कुणाच्या आजोबांचा अपमान करणारे नव्हते. मी तोलात वाळू वाढवत गेलो. सिद्धेश्वर तळ्याकाठची वाळू संपत आली, अशी गावात ओरड होती.

तुळई कण्हली त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर तात्यांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं.

"मिस्त्री, जाड तुळई घाल."

"तात्या, तुळई घालीन. पण ती ज्या भिंतीवर टेकते ती कुठून आणू?"

तात्या बुवांकडे वळले. "मग असं करू. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तुम्ही तुळईला पेलाल असे व्हा. नाहीतर नारदाचा पार्ट आपल्या द्वारपालाला. तुम्ही विंगेत बसून गा, तो ढगात बसून तोंड हलवील."

बुवांचा चेहरा उतरला. वजन तेवढं उतरलं नाही.

बुवांनी आधी उपास धरला. सकाळी धरला, दुपारी सुटला, आणि सुटला तो शुक्रवार पेठेतल्या एका डोहाळजेवणात. मग त्यांनी एक खाशी युक्ती काढली. आपल्याकडे देवाच्या पायी एखादा पदार्थ सोडायची रीत आहे. एकदा सोडला की जन्मात तोंडात घालायचा नाही, आणि कुणी आग्रहही करायचा नाही. बुवा करमाळ्याला कमलाभवानीला जाऊन आले.

"मिस्त्री, सोडलं."

"काय सोडलं?"

"कारलं."

"बुवा, तुम्हाला कारलं आवडतं?"

"छे. बघवत नाही."

मी त्यांना हाताला धरून कप्पीखाली नेलं, पाटावर बसवलं, गड्यांकडून हातभर वर ओढून घेतलं आणि दोर मोकळा केला. पाट असा आदळला, की खालची फळी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "देवी काही बोलायची नाही," मी म्हटलं, "पण हा तोल बोलतो. त्याला कारलं आणि जिलबी यातला फरक कळतो."

बुवांनी फळीवर बसल्या बसल्याच कंबर चोळली. मग हळूच म्हणाले, "द्वारपालाला 'भैरवी' शब्दसुद्धा नीट म्हणता येत नाही हो."

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा करमाळ्याला गेले. या खेपेला मीही बरोबर. देवीसमोर उभं राहून, सगळं देऊळ ऐकेल अशा आवाजात बुवांनी जिलबी सोडली, आणि जिलबीच्या भावकीतलं सगळं गोड सोडलं. शेवटी आवाज असा भरून आला, की दोन धनगरणींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना वाटलं, याचं कोणीतरी गेलं.

बातमी आमच्याआधी सोलापुरात पोचली. सात रस्ता नावाच्या चौकात बसाप्पा हलवायाचं दुकान. दोन दिवसांनी बुवा तोंडाला उपरणं गुंडाळून तिथं उभे राहिले. मी मागेच होतो, पण ते बुवांना ठाऊक नव्हतं.

"पावशेर जिलबी. पाहुण्यांसाठी."

"बेडा," बसाप्पा म्हणाला. बेडा म्हणजे कानडीत नको. "बुवा, उपरण्यातनं नाक दिसतंय की तुमचं. देवीला सोडलीय न्हवं? मला पाप लावता व्हय?"

"अरे, पाहुण्यांसाठी."

"पाव्हण्यास्नी हितं घेऊन या. माज्या म्होरं खाऊ द्या त्यास्नी."

त्या दिवसापासून सगळं सोलापूर बुवांच्या ताटावर पहारा करू लागलं. जे यजमान जिलबीचा डोंगर वाढायचे, तेच आता लेकीसुनांना दटावत, 'बुवांच्या पानाजवळ गोड नेऊ नका, नेम आहे त्यांचा.' आग्रह तेवढाच राहिला, फक्त पालेभाजीचा. मुख्य जेवण कडक भाकरीचं. सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी वाळवलेली, वर्षभर टिकणारी. चावता चावता माणसाचा जबडा दमतो आणि पोट म्हणतं, पुरे झालं बाबा. जोडीला शेंगाचटणी चिमटीभर, आमटी आणि ताक. सकाळी बुवा तळ्याभोवती चालत गायचे. पहिल्या दिवशी तान अर्ध्यात तुटली. पुढे पुढे ती एका घाटावर सुरू होऊन दुसऱ्या घाटावर संपू लागली.

दर सोमवारी तालमीत मी बुवांना पाटावर बसवी आणि तोलातून ओंजळ ओंजळ वाळू काढी. बुवा ती वाळू पोराचं जावळ पाहावं तशी पाहत.

गड्ड्याची जत्रा आली. थिएटर असं भरलं, की लोक श्वास पाळीपाळीने घेत होते. तात्या विंगेत येऊन पोती चाचपू लागले.

"मिस्त्री, वाळू कमी आहे."

"नारदच कमी आहे."

"काल संक्रांत झाली. गावाने तिळगूळ वाटलाय. सदू तो सोडणं शक्य नाही. मी ओळखतो त्याला."

मी वर माळ्यावर ढग नीट करायला गेलो, तेवढ्यात तात्यांनी स्वतःच्या हाताने एक भलं पोतं तोलाला जोडून टाकलं.

घंटा झाली. गड्यांनी दोर सैल सोडला. नारद खाली येईना. सोमवारपेक्षा बुवा आणखी हलके झाले होते आणि विंगेतलं पोतं त्यांना स्वर्गातच धरून बसलं होतं. खाली इंद्र हात जोडून उभा. "या मुनिवर," तो म्हणाला. मग परत म्हणाला. मग प्रॉम्प्टरकडे बघायला लागला.

बुवांनी वरूनच पद सुरू केलं. पहिलं संपलं, दुसरं घेतलं. लोकांना वाटलं, ही नवी ट्रिक.

मी खाली धावलो, चाकू काढला आणि तात्यांच्या पोत्याला छेद दिला. तात्या पोत्याखालीच वाकून गाठ सोडवत होते. वाळूची धार त्यांच्या टोपीवर, मिशांवर, कोटात. आणि वाळू जशी सुटत गेली तसा नारद उतरू लागला. इतका संथ, इतका डौलदार, जणू कापूसच उतरतोय. पाय फळीला टेकले तेव्हा आवाज झाला नाही. वन्समोअर इतके पडले, की मला विंगेत पुन्हा वाळू भरावी लागली.

पडदा पडल्यावर बुवा विंगेत आले. तात्यांनी मिशीतली वाळू झटकली. "सदू, तिळगूळ खरंच नाही खाल्लास?"

"कुणी दिलाच नाही, तात्या. प्रत्येकजण म्हणतो, तुम्ही नुसतं गोड बोला."

नारदाचा पार्ट बुवांकडेच राहिला. पुढेही कंपनी जेव्हा जेव्हा सोलापुरात आली, बसाप्पा त्यांना पाहिलं की जिलबीच्या कढईवर झाकण ठेवी. माझी तुळई त्यानंतर कधी कण्हली नाही.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. सोडायचं तर आवडतं ते सोडावं, आणि चारचौघांत सोडावं. एकट्याने सोडलेली वस्तू मागच्या दाराने परत येते.

तात्यांनाही हे पटलं. कोटाची बटणं तुटायला लागली तेव्हा तेही करमाळ्याला जाऊन देवीपुढे एक पदार्थ सोडून आले.

कारलं.