मंगळवारचं मंडळ

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, ठाण्यातल्या एका इस्पितळात, माझ्या वहिनीच्या मामांनी स्वतःवर नव्या औषधाची चाचणी करून घ्यायला संमती दिली. संमतिपत्र अकरा पानांचं होतं. मामांनी ते पूर्ण वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, सही केली आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या पाच अनोळखी माणसांना घेऊन मंडळ स्थापन केलं. मामांइतक्या संस्था स्थापन करणारा माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा झालेला नाही. हे विधान मी तपासलेलं नाही, पण आजवर ते कुणी खोडूनही काढलेलं नाही.

मामा डोंबिवलीचे. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. काखेत कायम एक लांबट वही, तिच्यावर सुबक अक्षरात ‘इतिवृत्त’. चार माणसं एका जागी पाच मिनिटांहून जास्त थांबली की मामा अस्वस्थ होत. या चौघांना अध्यक्ष नाही, हे त्यांच्याने बघवत नसे. एकदा शीळफाट्यावर आमची एसटी बंद पडली. मेकॅनिक येण्याआधी प्रवाशांनी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडले होते आणि ड्रायव्हरच्या अभिनंदनाचा ठराव संमत झाला होता. अभिनंदन कशाबद्दल, असं मी विचारलं. “गाडी सावलीत बंद पाडल्याबद्दल,” मामा म्हणाले. घरी मामींनी भाजी काय करू विचारलं की मामा म्हणत, “बटाट्याची. सूचक मी. अनुमोदन?” मामी अनुमोदन देत नसत आणि दुधी करत. इतिवृत्तात ‘सूचना बारगळली’ अशी नोंद होई.

आजार त्यांना रक्तातून आला. ऐंशीच्या दशकात पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त चढवलं होतं. त्या काळी या आजारासाठी रक्त तपासलं जात नव्हतं, कारण आजाराला स्वतंत्र नावच नव्हतं. नाव पुढे पडलं, हिपॅटायटिस सी, आणि मामांच्या रिपोर्टात ते बारा वर्षांनी उतरलं. यकृत हळूहळू निकामी होणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. इंजेक्शनं होती, पण ती वर्षभर घेणं पेन्शनीत बसणारं नव्हतं. चाचणीत सगळं मोफत होतं. आठवड्याला तीन इंजेक्शनं सगळ्यांना. शिवाय रोजच्या कॅप्सूल. निम्म्या लोकांच्या कॅप्सूल खऱ्या, निम्म्यांच्या डमी, आणि कुणाच्या कुठल्या ते शेवटपर्यंत डॉक्टरांनाही ठाऊक नसणार होतं.

“म्हणजे विषयपत्रिका अध्यक्षांनाही माहीत नाही!” मामा आनंदाने म्हणाले. त्यांच्या आयुष्यात असं प्रथमच घडत होतं.

प्रत्येकाला रोजचा त्रास लिहायला एक डायरी दिली होती. एका दिवसाला दोन ओळी. इतरांनी ‘ताप’, ‘डोकं दुखलं’ असं लिहिलं. मामांनी लिहिलं, ‘सायंकाळी साडेसहा वाजता तापाचं आगमन झालं. थंडीने प्रास्ताविक केलं. नऊपर्यंत कार्यक्रम रंगला.’ जागा पुरेना, तेव्हा पुरवण्या टाचल्या. सिस्टर हात जोडून म्हणाल्या, “काका, हे सगळं मला इंग्रजीत करून पाठवावं लागतं हो!” पुढच्या महिन्यात मामांनी पुरवण्या इंग्रजीत लिहिल्या. त्या दुप्पट लांब होत्या.

मंडळात सहाजण होते. अध्यक्ष मामा धरून पाच पदाधिकारी आणि एक सभासद. ही एकमेव सभासद म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक बाई, बाजारात मासळी विकणारी. तिलाही बाळंतपणात रक्त चढवलं होतं. मामांनी तिला उपाध्यक्षपद देऊ केलं, तेव्हा ती म्हणाली, “मना नको. तुमी सगले खुर्चीवर बसलाव तर खाली कोन बसंल?” मामांनी हे वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात घेतलं. ती मामांशी वाद घालायची, त्यांच्या शुद्ध शाकाहाराची टिंगल करायची. “पापलेट खाल्ला असता तर लिवर चांगली झाली असती,” असं तिचं मत होतं. मामा ते ‘विषयबाह्य’ ठरवत आणि तिने आणलेली तांदळाची भाकरी मागून घेत.

तिसऱ्या महिन्यात मामांच्या अंगाला खाज सुटली. खाज हा खऱ्या कॅप्सूलचा परिणाम असू शकतो, हे त्यांनी संमतिपत्राच्या सातव्या पानावर वाचलं होतं. (खाज नव्या बनियनची होती, हे मामींनी पुढे धुऊन सिद्ध केलं.) आपल्याला खरं औषध मिळालं, अशी त्यांची खात्री झाली. त्याच मंगळवारी ती बाई पहिल्यांदा गप्प बसली होती. धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. “तेवढं डोल्यानी बगू दे,” ती म्हणाली. “माझ्या गोल्या खोट्याच हायेत मामा. मना काय पन होत नाय, न खाज, न बीज.”

मामांनी जे केलं ते संमतिपत्राच्या नवव्या पानावर ठळक अक्षरात मना केलेलं होतं. औषधाची अदलाबदल करणाऱ्याचं नाव चाचणीतून कमी होणार होतं, म्हणजे इंजेक्शनंही बंद. महिन्यातल्या ठरलेल्या मंगळवारी प्रत्येकाला महिन्याची बाटली खाकी पाकिटात मिळे. बाटलीवर फक्त एक नंबर असे, तो दर महिन्याला बदले आणि कुणाला कुठला दिला ते सिस्टरच्या रजिस्टरात लिहिलेलं असे. पाकिटं मिळाली की वजन करायचं. आधी बाई, मग मामा. बाई काट्यावर गेली आणि मामांनी बाकावरची दोन पाकिटं बदलली. आयुष्यात त्यांनी ठरावाशिवाय केलेली ही पहिली कृती.

पुढच्या महिन्यात मामांनी रिकामी बाटली नंबराची बाजू खाली करून परत दिली. सिस्टरने नंबर पाहिला, रजिस्टर पाहिलं, खूण केली. काहीच झालं नाही. सिस्टर दयाळू आहेत, असा निष्कर्ष मामांनी काढला आणि पाकिटं पुन्हा बदलली. असं शेवटच्या बाटलीपर्यंत चाललं.

चाचणी संपल्यावर काही महिन्यांनी निकाल आले आणि कुणाला काय दिलं होतं ते प्रत्येकाला सांगण्यात आलं. त्या मंगळवारी मामांनी मला सोबत नेलं होतं. बाईच्या कॅप्सूल खऱ्या होत्या. मामांच्या डमी. बाईच्या रक्तात विषाणू सापडला नव्हता. मामांच्या रक्तात होता.

मामा बाकावर बसले. माझा हात धरून म्हणाले, “अरे, मी या बाईचं खरं औषध खाल्लं. महिनोन्महिने. तिला डमी दिलं.” मग उठले आणि सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन, बाईसमोर, सगळं सांगितलं. वही उघडून आपला राजीनामा वाचायला लागले.

बाईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

“अरं मामा, गप रे! तू वजनाला गेलास का मी पन बदलायचे!”

“काय?”

“पाकीट रे! मना दम लागाय लागला, टोपली उचलताना. सिस्टरनी कागद वाचून दावलेला, खऱ्या गोलीनं दम लागतो. म्हटलं माझं खरं हाय, न तुला खोटंच सांगितलं, काय होत नाय म्हनून. आन तू एवढा बोलतोस, तुला खरं औषिद कसं असंल? तेवढी ताकद राहील काय मानसाला? म्हातारा मानूस, म्हटलं घेऊ दे त्याला.”

“आणि पोरीचं लग्न?”

“इंजेक्शान होती ना माझी.”

सिस्टरनी रजिस्टर काढलं आणि बोट ठेवून एकेक महिना तपासला. मी शेजारी उभा राहून पाहिलं. दर महिन्याला मामांची बाटली मामांकडून आणि बाईची बाटली बाईकडून परत आली होती. एकही नंबर चुकला नव्हता. “बरोबर आहे,” सिस्टर म्हणाल्या आणि रजिस्टर मिटलं. “दोघंही घरी जा. आणि काका, तो राजीनामा इथे ठेवू नका. मला त्याचं इंग्रजी करावं लागेल.”

डमी मिळालेल्यांना नंतर खऱ्या कॅप्सूल द्यायच्या, असं संमतिपत्रातच होतं. मामांचा दुसरा कोर्स सुरू झाला. बाकीचे पदाधिकारी यायचे थांबले. त्यांच्या कॅप्सूल खऱ्या निघाल्या होत्या, त्यांना आता येण्याचं कारण नव्हतं. बाईलाही नव्हतं. ती तरी दर महिन्याच्या ठरलेल्या मंगळवारी बाजार आटोपून यायची आणि मामा वजनाला गेले की त्यांचं पाकीट मांडीवर घेऊन बसायची. “राखन करतंय,” म्हणायची. मुलीच्या लग्नाला मामा-मामी कोळीवाड्यात गेले. तिथे वऱ्हाडाची स्वागत समिती नव्हती. जेवणाच्या वेळेपर्यंत ती झाली होती. मामांचं अंग या कोर्सात खरोखरच खाजलं. शेवटच्या रिपोर्टात विषाणू सापडला नाही.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कारण वयाचं होतं, यकृताचा संबंध नव्हता. सर्टिफिकेट मी पाहिलं आहे. मामींनी ती वही मला दिली. मंगळवारच्या मंडळाची शेवटची नोंद त्या शेवटच्या रिपोर्टाच्या दिवशीची आहे. ती अशी: ‘उपस्थिती दोन. अध्यक्ष बाकावर, सभासदही बाकावर. विषय नव्हता. भाकरी झाली. पुढील सभेची तारीख सभासदाने विचारली. अध्यक्षांनी पुढचा मंगळवार दिला.’