भाऊजींची चॅसी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मोटारसायकली दुरुस्त करतात, असं म्हटलं की त्यांना राग येतो. दुरुस्त काय, कोणीही करतो, ते ऐकतात. गिऱ्हाईक आलं की स्टुलावर बसायचं, गाडीला रेस द्यायला सांगायचं, आणि हातात पाना घेण्याआधीच दुखणं सांगून मोकळं व्हायचं. या कानांचा एवढा बोलबाला की लोक त्यांना ‘कानवाले’च म्हणतात. माझं शिंप्याचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे आणि मधली भिंत एका विटेची. त्यामुळे हे कौतुक मला रोज ऐकावं लागतं.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांची एकच तक्रार. हल्लीची इंजिनं पुटपुटतात. टीव्हीवरचे लोकही पुटपुटतात, आणि ताई तर काय, लग्नापासूनच पुटपुटते. वास्तविक ताईचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जातो. तिने कान तपासायचं नाव काढलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि लगेच जाहीर केलं, की आपण आता डायनो बांधणार. डायनो म्हणजे गाडीचं मागचं चाक एका जड रोलरवर ठेवायचं आणि गाडी जागच्या जागी पळवायची. रोलर किती झपाट्याने वेग घेतो, त्यावरून इंजिनाची ताकद आकड्यात दिसते. जगाला आता आकडे लागतात, असं ते सांगत सुटले. खरं कारण मला नि ताईला ठाऊक होतं. आकडा दिसला की कानांना कोण विचारतो? कान गेल्याचं बाहेर कळलं तर गाड्या यायच्या बंद होतील, या धास्तीने माणूस आतून पोखरला होता. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

रोलर बसवायला चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा हवा. त्यांनी पन्हळीसारखे लोखंडी चॅनल कापले, गुण्या लावून कोपरे काटकोनात जुळवले, वेल्डिंगचे कच्चे टाके मारले. इथवर आम्ही शिंपी लोकही हेच करतो. मग पक्कं वेल्डिंग सुरू झालं. हेही भाऊजी कानानेच शिकलेले. वितळणारा रॉड लोखंडापासून योग्य अंतरावर असला की तळणीसारखा एकसारखा आवाज येतो. भिंतीपलीकडून मला जे ऐकू आलं, ते नुसतं फटफट उडणं होतं. भाऊजी मात्र तल्लीन. वरची खपली झाडली तर खाली गुठळ्या, आणि चॅसी उचलायला गेले तर एक कोपराच हातात आला. त्यांनी रॉडला दोष दिला, विजेला दिला, शेवटी माझ्या शिलाई मशीनवर आले, की ते करंट ओढतं. माझं मशीन पायाचं आहे.

दुसऱ्यांदा वेल्डिंग सुरू झालं तेव्हा मी गॅरेजच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. ठिणग्यांकडे पाठ करून आवाज ऐकत उभी राहिली नि म्हणाली, रॉड लांब जातोय, जवळ घ्या. अर्थात, पुटपुटली. मग तिने कप खाली ठेवला आणि पाठमोरीच हात मागे नेऊन त्यांच्या पाठीवर टेकवला. थाप म्हणजे रॉड जवळ घ्या, चिमटा म्हणजे लांब न्या. चिमटे गरजेपेक्षा थोडे जास्तच निघाले, असं माझं मत आहे. भाऊजी तिच्या हाताबरहुकूम रॉड हलवत राहिले. थोडं वेल्डिंग या कोपऱ्यात, मग थोडं समोरच्या, कारण एकाच बाजूने करत गेलं तर लोखंड तापून ओढलं जातं. मी परत मशीनवर येऊन बसलो तोवर भिंतीपलीकडे तळणी सुरळीत चालू झाली. कोणी विचारलं तर भाऊजी सांगत, हिला वेल्डिंग शिकायची भारी हौस. ताई गप्प ऐकून घ्यायची. तिला एवढं ऐकून घेताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

चॅसी गुण्यात आली, चारही कोपरे काटकोनात. रोलर बसला आणि न थरथरता फिरला. पहिली गाडी पाववाल्यांची, भाऊजींचं जुनं गिऱ्हाईक. पुढचं चाक पट्ट्यांनी आवळलं, मागचं रोलरवर पळालं आणि आकडा आला. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, भाऊजींची छाती फुगली. तेवढ्यात पाववाले त्यांच्या अगदी समोर आले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आकडा राहू द्या हो. तुमचे कान काय म्हणतात?"

एवढा खटाटोप याच प्रश्नापासून सुटायला केला होता. काहीतरी ठोकून द्यायची त्यांना सवय होती, पण त्यांनी ताईकडे पाहिलं.

"मला ऐकू येत नाही," भाऊजी म्हणाले. "ही चॅसीसुद्धा हिच्या कानांनी झालीय."

कोणीही दचकलं नाही. पाववाले गाडी बंद करून माझ्याकडे वळले. "ते सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून कोणी गाडी दुसरीकडे नेली का?"

"मग विचारलंत कशाला?" मी म्हणालो.

"विचारलं नसतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

ते माझ्याकडे तोंड करून बोलले होते, त्यामुळे भाऊजींना यातलं काहीच कळलं नाही. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ताई पुढे झाली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिने त्यांना शब्द न् शब्द सांगितला.